बिनचकाकीचा हिरवा

आमच्या रंगाच्या शेडमध्ये खायला बंदी होती. पाणी प्यायचं तरी बाहेर जाऊन, तंबाखू मळायची तर समोरच्या लिंबाखाली, आणि खाऊन आलं की साबणानं हात धुतल्याशिवाय आत यायचं नाही. हा कायदा माझ्या वडिलांचा, अण्णांचा. तो मोडल्याची शिक्षा मी एकदाच भोगली, पण अशी भोगली की आज सत्तरी गाठल्यावरही जेवून उठले की आधी साबणानं हात धुते आणि मगच दाराच्या कडीला हात लावते. नातवंडं हसतात, हसू देत. मॅट्रिक होऊन मी नुकतीच शेडमध्ये यायला लागले होते. एका ट्रकचा दरवाजा घासून, पुसून रंगासाठी तयार ठेवला होता. मी बाहेर बसून भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली, बोटं नुसती पदराला पुसली आणि आत येऊन तो दरवाजा सरकवायला अंगठा लावला. कुणाच्या लक्षात आलं नाही. रंग मारला, वाळला, ट्रक गेला. चार महिन्यांनी ट्रकवाला परत आला तो शिव्या देतच. दरवाजावरचा रंग अंगठ्याएवढाच सोलून निघाला होता आणि खालचा तांबडा थर उघडा पडला होता. अण्णांनी माझा अंगठा धरून त्या डागावर ठेवला. बरोब्बर बसला. मग ट्रकवाल्यादेखत एक सणसणीत ठेवून दिली. "शेंगाचं तेल हाय ते," म्हणाले. "त्याच्यावर रंग बसल्यासारखा दिसतोय, पर बसत न्हाय. आज ना उद्या निघतोय. ध्यानात ठेव." मी ध्यानात ठेवलं. थप्पड तर आजही आठवते.

आमच्या घरात लाडानं कुणी कुणाशी बोलत नसे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी गळा काढू नये. सोलापुरात अक्कलकोट रोडला, वस्ती संपते तिथं आमच्या दोन खोल्या होत्या, आणि पुढे पत्र्याची शेड. एका बाजूला तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचं घर, त्यांचे माग दिवसभर खडखडायचे. शेडमध्ये रंग उडवायच्या गनचा कॉम्प्रेसर धडधडायचा, आणि या सगळ्याच्या वर आईचं उखळ. आई दाणे भाजून लोखंडी मुसळानं अशी कुटायची की जमीन हलायची. तिखट, मीठ, लसूण, आणि दाण्याला तेल सुटेपर्यंत घाव. राग आला की घाव वाढायचे आणि चटणी जास्त तेलकट व्हायची, त्यामुळं ताटात चटणी पडली की आम्हाला आईची तब्येत कळायची. गिरणीचा भोंगा झाला की अण्णा शेड उघडायचे. ते फौजेच्या वर्कशॉपमध्ये पेंटर होते, तिथून सुटून आले तरी बोलणं तसलंच राहिलं होतं: आण, धर, ठेव, हट. मी उलटून बोलायची. आई दोघांना शिव्या द्यायची. पाहुणे आमच्याकडे फार बसत नसत.

आमच्या घरातलं एकच माणूस गोड बोलायचं, ते म्हणजे माझा दादा, लक्ष्मण. तो फौजेत ड्रायव्हर झाला आणि पूर्वेकडच्या लढाईत गेला. तार आली, मग त्याच्या साहेबाचं इंग्रजी पत्र आलं, मग त्याची काळी पेटी आली. तो स्वतः काही आला नाही. त्याला तिकडेच कुठंतरी अग्नी दिला. आईनं पेटी उघडली, आतला स्वेटर हुंगला आणि पेटी बंद केली ती कायमची. पेटीच्या झाकणावर पांढऱ्या रंगात त्याचा नंबर आणि नाव होतं. आईला वाचता येत नव्हतं. ती मला म्हणायची, "शकू, ह्यातला 'ल' कुठला गं?" पेटीवर सगळं इंग्रजी होतं. मी 'एल'वर बोट ठेवायची. ती मान हलवायची, "ह्यो कुठला ल, ह्यो तर काठी हाय." माती नाही, समाधी नाही, आमच्या हातात त्याचं म्हणून एवढं नावच उरलं होतं. अण्णा रडले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक टँकर रंगवायला घेतला, आणि तेव्हापासून मी त्यांचा जरा जास्तच राग करायला लागले.

दोन-अडीच वर्षांनी आमच्या गावचा चेअरमन दारात उभा राहिला. आमचं गाव वैरागच्या अलीकडं. गाव म्हणायचं ते आपलं कागदोपत्री, कारण आमची वस्ती वेशीबाहेर. अण्णा सुट्टीवर फौजेच्या कपड्यात पहिल्यांदा गावात गेले, तेव्हा चावडीपुढं याच चेअरमनच्या बापानं त्यांना बूट काढून हातात घ्यायला लावले होते. अण्णांनी काढले. मग बायकोपोरं घेऊन सोलापूर गाठलं ते परत गेले नाहीत. तर त्या बापाचा हा लेक, सोसायटीचा चेअरमन, पांढरंधोट धोतर नेसून आमच्या शेडमध्ये उभा होता, आणि मागं ट्रॅक्टरला साखळीनं बांधलेली एक गंजकी फौजी जीप. लिलावातनं घेतली होती म्हणे.

"धोंडिबा," तो अण्णांना म्हणाला, "लक्ष्मण आपल्या गावचा. देशासाठी गेला. शाळंपुढं ओटा बांधलाय, त्याच्यावर ही जीप ठिवायची. तू फौजेतला पेंटर, तुझ्याच हातनं झाली पायजे. उद्घाटनाला मंत्री येणारेत. गावाचं नाव झालं पायजे की."

"लक्ष्मणाचं नाव झालं पायजे," आई चुलीपासून म्हणाली.

"तेच की वो बाई. एकच हाय."

आईनं त्याच्यापुढं चहा ठेवला. तो म्हणाला, "नगं, पित्त होतंय." आमच्या घरी आलं की त्या गावच्या लोकांना हटकून पित्त व्हायचं. कपावर साय धरली, तरी आई तो कप उचलेना. चेअरमन जाईपर्यंत तो त्याच्या डोळ्यांपुढं राहावा, म्हणून तिनं तसाच ठेवला.

मी अण्णांना म्हणाले, ही जीप परत पाठवा. त्या गावात दादाचं काही नको. अण्णा म्हणाले, "फौजेची गाडी हाय. गावाची न्हाय." आणि कामाला लागले.

जीप घासायला आम्हाला आठ-दहा दिवस गेले. वरचा हिरवा निघाला, खाली मातकट पिवळा निघाला, त्याखाली आणखी गडद हिरवा. अण्णा बोट फिरवून म्हणायचे, "ही वाळूत हुती. मग हिकडं झाडीत आली." जन्मात पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं ऐकावंसं वाटलं होतं, पण तेवढ्यात ते ओरडले, "बघत काय बसलीस, पॉलिश पेपर वल्ला कर!" गंज खरवडला, परत गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साईडचा, त्या तांबड्या अस्तराचा, हात मारला. आणि मग भांडण सुरू झालं ते वरच्या रंगाचं.

आमच्यापुढं तीन रस्ते होते. एक लॅकर, जो मोटारींना मारतात. लवकर वाळतो, पॉलिश केलं की आरसा. दुसरा साधा एनॅमल, तेलाचा रंग, ट्रकला मारतात तो. चकाकतो आणि टिकतो. तिसरा मॅट, बिनचकाकीचा, फौजेचा असतो तसा. तो सोलापुरात कुठल्याही दुकानात डब्यात मिळत नव्हता. चेअरमन जाताना सांगून गेला होता, "एकदम चकाचक पायजे, नव्या ट्रॅक्टरसारखी." माझं मत एनॅमल. चेअरमनसाठी नव्हे, मरो तो. पण जीप उघड्यावर राहणार, आणि मॅट रंग उन्हापावसात दोन वर्षांत पांढरा पडतो, धूळ धरतो, हे मला माहीत होतं. दादाच्या गाडीवर धूळ बसलेली मला नको होती.

"मॅट," अण्णा म्हणाले.

"टिकायचा न्हाय."

"न टिकंना. परत मारता येतोय. फौजेच्या गाडीला चकाकी न्हाय मारायची."

"का पर? ती काय आता लढाईला निघालीय?"

त्यांनी पत्र्याचे तीन तुकडे रंगवले, एक लॅकर, एक एनॅमल, एक मॅट, तिन्ही एकाच हिरव्याचे. दुपारच्या उन्हात रस्त्यापलीकडच्या बाभळीत नेऊन टांगले आणि मला शेडच्या दारात उभं केलं. "किती दिसतेत?"

"दोन." दोन्ही असे डोळ्यात घुसत होते की बघवत नव्हतं. तिसरा मी डोळे ताणताणून शोधला. नाही सापडला. जाऊन फांद्या बाजूला केल्या तेव्हा हाताला लागला.

"चकाकलं की वरनं, इमानातनं दिसतंय," अण्णा म्हणाले. "दिसलं की मेलं."

"मग दादाची गाडी चकाकत होती का?" मी मुद्दामच विचारलं. दुखवायचंच होतं मला.

त्यांनी तो तुकडा फांदीवरनं सोडवून घेतला. "त्याच्या साहेबानं लिवलंय, सकाळच्या पारी गेला. दव पडलं असंल. दवानं भिजला की मॅटबी चकाकतोय." एवढंच म्हणाले आणि आत गेले. ते पत्र मी त्यांना एकदाच वाचून दाखवलं होतं. त्यात दवाचा शब्दही नव्हता. दवाचं त्यांनी स्वतःच शोधून काढलं होतं, अडीच वर्षं विचार करकरून. मला तेव्हाच त्यांची माफी मागायला हवी होती. मी मागितली नाही, कारण आमच्यात ती पद्धतच नव्हती.

मग मॅटच ठरला. लोकांना वाटतं फौजेचा हिरवा म्हणजे हिरव्याच डब्यातला. तसं नसतं. काळ्यात पिवळा घालायचा, काळ्यात पिवळा, मग तो मळका हिरवा होतो, आणि डब्यातल्या कुठल्याही हिरव्याला ती सर नाही. डॅशबोर्डच्या खाली ऊन न लागलेला जुना रंग टवकाभर सापडला होता, त्याच्याशी जुळवायचं होतं. इथं माझा डोळा अण्णांपेक्षा चांगला होता, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि ते कबूल करणं त्यांच्या जिवावर यायचं.

"पिवळा कमी पडतोय," मी म्हणायची.

"तू गप."

मग थोड्या वेळानं चमचाभर पिवळा घालायचे, माझ्याकडं न बघता. चकाकी घालवण्यासाठी शंखजिऱ्याची पूड वस्त्रगाळ करून रंगात घातली, टर्पेंटाईन जास्त घातलं. पूड जास्त झाली की रंग खडूसारखा हाताला लागतो, कमी झाली की चमक राहते. बावीस वेळा पत्र्यावर मारून बघितलं. बावीस मी मोजले, कारण प्रत्येक वेळी भांडण झालं.

नावासाठी जाडसर काहीतरी कापून साचा करायचा होता. अण्णांनी सिव्हिल हॉस्पिटलातनं आणलेला आईच्या छातीचा एक्स-रे घेतला आणि त्यात ब्लेडनं अक्षरं कोरली. आईनं नुसता बोंबलून गोंधळ घातला, "माझी छाती फाडतोय ह्यो!" पण नंतर शेजारी बसून बघत राहिली. बॉनेटच्या डाव्या बाजूला, पांढऱ्या रंगात, आधी नंबर, खाली मराठीत नाव: शिपाई ड्रायव्हर लक्ष्मण धोंडिबा बनसोडे. अक्षरं अशी सरळ, दोरी लावल्यासारखी. वाळल्यावर आई आली. तिनं हात साबणानं धुतले होते, दोनदा. "ल कुठला?" मी दाखवला. तिनं त्यावरनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता ह्यो ल हाय." मग सगळ्यांवर ओरडली, की जेवायला या, भाकऱ्या गार होतायत.

चेअरमन उद्घाटनाच्या चार दिवस आधी आला. जीप शेडमध्ये उभी होती, आणि मी सांगते, मी आयुष्यात इतकं चांगलं काम दुसरं पाहिलं नाही. त्यानं एक फेरी मारली.

"हे काय केलंस धोंडिबा? शेणानं सारवलीस व्हय?"

"फौजेचा रंग असाच असतोय साहेब."

"आरं मंत्री येणारेत! फोटो निघणार. ह्या असल्या मळकट गाडीपुढं हुबा राहू व्हय मी? एनॅमल मार, चकाचक. आन् हे," त्यानं काठीचं टोक नावाला लावलं, "हे कशाला?"

"नाव हाय माझ्या पोराचं."

"व्हय, पर एका घराचं नाव कशाला? 'गावचा वीर जवान' टाक की. समद्या गावाचा मान व्हतोय. हितनं पुढं पोरं येणार, हार घालणार, पाया पडणार. नाव वाचलं की आडनाव वाचणार. कुणाला पटंल, कुणाला न्हाय पटायचं. उगं कालवा नगं."

आई आतनं बाहेर आली. तिच्या हातात मुसळ होतं, कुटता कुटताच उठली होती. "माझ्या लेकाचं मरण चालतंय तुमाला," ती म्हणाली, "त्याचं आडनाव चालत न्हाय?"

मी तर काय बोलले ते इथं लिहिणं बरं दिसायचं नाही. चेअरमनच्या बापापासून सुरुवात केली आणि त्याच्या पित्तापर्यंत आले. तो लाल झाला, पण माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, अण्णांनाच म्हणाला, "जमत न्हाय म्हण. बार्शीत पेंटर लई हायत. उद्या ट्रॅक्टर पाठवतो, त्यो खरडून काढंल समदं." म्हणजे नाव जाणारच होतं, आमच्या हातनं नाही तर दुसऱ्याच्या रंग खरडायच्या पत्रीनं.

अण्णा उभे होते. हातात फडकं होतं, ते त्यांनी घडी घातलं, परत उलगडलं, परत घडी घातलं. मग म्हणाले, "खरडायला नगं साहेब. मी मारतो चकाकी."

"आन् नाव?"

"झाकतो."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. आणि ते एवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, "तुमचं नाव कुटं टाकू साहेब? बॉनेटच्या ह्याच अंगाला टाकतो. हितं उठून दिसतंय."

चेअरमन खूष झाला. "बघा," आईला म्हणाला, "फौजेतला माणूस. शिस्त ठाव हाय." आणि गेला. चहा अर्थातच घेतला नाही.

तो गेल्यावर मी अण्णांना जे बोलले ते मात्र लिहिते, कारण ते मी विसरलेले नाही आणि विसरायचा मला हक्कही नाही. मी म्हणाले, "त्याच्या बापानं तुमच्या पायातले बूट काढले, तेव्हाच तुमचा कणा काढून ठिवला होता वाटतं. दादा मेला ते बरं झालं. बाप असला हाय हे बघायला राहिला न्हाय." मला वाटलं मारतील. मारायला हवं होतं. ते नुसते आईकडं वळले आणि म्हणाले, "उद्या डबा शेडमधीच दे. आन् चटणी नीट कुट."

दुसऱ्या दिवशी आईनं सकाळपासून उखळ धरलं. असे घाव मी कधी ऐकले नव्हते, शेजारचे माग बंद पडल्यासारखे वाटत होते. मला वाटलं, रागानं कुटतेय. डबा उघडला तर चटणी तेलात पोहत होती. आणि अण्णा तो डबा घेऊन शेडच्या आत, जीपच्या बॉनेटजवळ उलट्या डब्यावर बसले आणि जेवायला लागले. आत! ज्या माणसानं एका अंगठ्यासाठी माझा गाल सुजवला, तो रंगायला ठेवलेल्या गाडीजवळ बसून चार बोटांनी चटणी चाटत होता. मला किळस आली. वाटलं, संपलं, ह्या माणसाचं मन आता कशातच उरलं नाही, ना रंगात, ना पोरात. "गन नको," ते म्हणाले, "ब्रश आण." गन असताना ब्रश! मी ब्रश त्यांच्या पायाशी टाकला, तोंड फिरवलं आणि लिंबाखाली जाऊन बसले. आत त्यांनी काय कसं केलं ते मी बघितलं नाही. संध्याकाळी बघते तर जीप काचेसारखी चकाकत होती, आणि दादाच्या नावाच्या जागी पिवळ्या फुगीर अक्षरांत चेअरमनचं नाव, पुढं 'यांच्या सौजन्याने', आणि खाली बारीक 'गावचा वीर जवान'.

उद्घाटनाला आई-अण्णा गेले. अण्णांनी जुना फौजी कोट घातला होता. त्यांना मागच्या रांगेत बसवलं. मी गेले नाही.

मी त्या दिवसापासून अण्णांशी बोलायचं बंद केलं, ते चार वर्षं. एका घरात, एका शेडमध्ये, एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभं राहून चार वर्षं न बोलणं सोपं नसतं, त्याला जिद्द लागते आणि ती मला बापाकडूनच मिळाली होती. मी आईला सांगायची, "त्यांना सांग, थिनर संपलंय." आई ओरडायची, "त्यो काय बहिरा हाय का?" अण्णा म्हणायचे, "तिला सांग, कळलं." त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेले, काळा आणि निळा ओळखेनासे झाले. मी रंग कालवायची आणि डबा न बोलता त्यांच्या हाताशी ठेवायची. कालवलेल्या रंगाला त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. मला आलेली दोन स्थळं मी मोडली, कारण मुलाकडचे म्हणाले, मुलगी वडिलांशी का बोलत नाही. आज वाटतं, काय हा करंटेपणा. पण तेव्हा माझं मला बरोबरच वाटायचं.

चौथा पावसाळा सरला आणि चेअरमनचा माणूस आला. जीपचा रंग उडालाय, परत मोठे साहेब येणारेत, धोंडिबाला लावून द्या. अण्णांना आता दिसत नव्हतं. मी जाणार नव्हते. पण आई म्हणाली, "जा. पत्री, पेपर समदं घेऊन जा." तिच्या आवाजात काहीतरी होतं. मी एसटीनं गेले.

शाळेपुढं ओट्यावर जीप होती. मागची बाजू चकाकत होती, दारं चकाकत होती, बंपरवर उन्हाचा लोळ होता. सगळा एनॅमल जागच्या जागी. अण्णांनी कामात काही कसूर केली नव्हती. फक्त बॉनेटच्या डाव्या अंगाचा रंग, बरोबर एका पाटीएवढा, पापुद्र्यांनी सोलून गळून पडला होता. चेअरमनच्या नावातलं शेवटचं दीड अक्षर तेवढं कडेला लोंबत होतं. आणि खाली तो मळका हिरवा, जरासुद्धा पांढरा न पडलेला, कारण चार वर्षं त्याला ऊनच लागलं नव्हतं. त्यावर नंबर. त्याखाली शिपाई ड्रायव्हर लक्ष्मण धोंडिबा बनसोडे. नावाच्या उजवीकडं रंग आणखी एका ठिकाणी सोलला होता, वेगळा, सुटा. जवळ जाऊन बघितलं तर पंजा होता. पाच बोटं, तळवा, अंगठा. कुणीतरी तेलाचा हात तिथं टेकवून उठलं होतं. गन मारली असती तर तेलावर रंग तेव्हाच फाटला असता, म्हणून ब्रश.

मी तिथंच ओट्यावर बसले. खूप रडले, आणि रडता रडता स्वतःला शिव्या दिल्या. वेशीबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या बाया तिथं आल्या होत्या. कुणीतरी नावाखाली झेंडूची माळ बांधली होती, ती दोन दिवसांपूर्वीची असावी. एक म्हातारी म्हणाली, "पयल्यांदा ल दिसला बग. मग रोज येक येक अक्षर निगालं. आमी रोज बगाय येतो."

चेअरमन आला. चार वर्षांत जाड झाला होता. "तुझ्या बापानं काय हलका रंग मारला का गं? मार परत, लवकर."

मी पिशवीतनं पत्री काढली. पेपर ओला केला. त्याच्यादेखत ते लोंबणारं दीड अक्षर खरवडून काढलं. मग बॉनेटवरचा उरलेला एनॅमल काढायला घेतला. तो ओरडायला लागला. मी म्हणाले, "साहेब, नावाला हार घातलाय. आता ज्याला झाकायचंय त्यानं ह्या बायांच्या म्होरं येऊन झाकावं. मी बसते हितंच." बाया पुढं सरकल्या. त्यानं त्यांच्याकडं बघितलं, शाळेच्या खिडक्यांतनं बघणाऱ्या पोरांकडं बघितलं, आणि त्याला बहुतेक पित्त झालं, तो गेला. मी दिवसभर घासत होते. शेवटच्या एसटीच्या वेळेला सबंध बॉनेट मॅट होतं.

घरी आले तर अण्णा दारात बाजेवर बसले होते, तोंड माझ्या चपलांच्या आवाजाकडं. आई चुलीपुढं, पाठमोरी. मी पिशवी खाली ठेवली. चार वर्षांनी पहिला शब्द कुठला बोलावा ते मला सुचेना.

"नाव दिसतंय?" अण्णांनी विचारलं.

"दिसतंय."

"नंबर?"

"तोबी."

त्यांनी मान हलवली. "मला का न्हाय सांगितलं?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. रडत होते तरी चढला होता.

"तुला?" अण्णा म्हणाले. "तुझं तोंड कधी गप बसलंय व्हय? दुसऱ्या दिशी त्या चेअरमनला जाऊन तूच ऐकवलं असतंस."

ते खरं होतं. मी अगदी तसंच केलं असतं. आईनं ताट वाढलं, भाकरी, चटणी. मी त्यांच्या पायाशी बसले आणि त्यांचा हात धरला, तोच पंजा. त्यांनी तो सोडवून घेतला.

"जेव आधी," म्हणाले. "मग धू, आन् मगच शेडमधी जा."